प्लेटलेटला लावलेली किरणोत्सारी खूण नेमके काय सांगते?

आपण विचारले आहे की, प्लेटलेट आठ ते दहा दिवस जगते हे पाठ्यपुस्तकातले वाक्य आले कुठून. जेमतेम दोन-तीन मायक्रॉन आकाराच्या, केंद्रक नसलेल्या या पेशीखंडाचे आयुष्य जिवंत माणसाच्या शरीरात मोजतात कसे. त्यासाठी लावलेल्या किरणोत्सारी खुणेवर विश्वास कितपत ठेवावा. आणि ही पद्धत इतकी उपयोगाची असेल तर डेंग्यूच्या साथीत ती कोणी का वापरत नाही. रक्तसंक्रमणशास्त्रात काम करताना माझी बरीच वर्षे प्लेटलेट आणि गॅमा काउंटर (गॅमा किरण मोजणारे यंत्र) यांच्या सोबतीत गेली आहेत. त्या अनुभवातून आधीच एक गोष्ट सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. खूण विश्वासार्ह आहे. परंतु ती केवळ रुग्णाच्या शरीराविषयी बोलत नाही, तर खूण करताना आपण प्लेटलेटला कसे वागवले याविषयीही तितकेच बोलते. या दोन बोलण्यांतला फरक ओळखता येणे हेच या कामातले कौशल्य आहे.

मुळात खुणेची गरज का पडते, हे आधी पाहू. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात, आणि हा आकडा सेल काउंटर मिनिटभरात देतो. पण तो नुसती शिल्लक दाखवतो. जमा किती आणि खर्च किती हे त्यातून कळत नाही. चाळीस हजारांवर आलेल्या रुग्णाची अस्थिमज्जा प्लेटलेट बनवत नाही, की बनलेल्या प्लेटलेट वाटेत नष्ट होत आहेत, की त्या शाबूत असून वाढलेल्या पाणथरीत (प्लीहेत) अडकून बसल्या आहेत? तिन्ही प्रसंगांत अहवालावरचा आकडा एकच असू शकतो. खर्चाची बाजू थेट पाहायची तर काही प्लेटलेटवर ओळखीची खूण करून त्या रक्तात परत सोडाव्या लागतात आणि दिवसामागून दिवस त्यांपैकी किती उरल्या हे मोजावे लागते.

खूण दोन प्रकारांनी करता येते. पहिल्या प्रकारात सेलेनियम-७५ असलेल्या मिथिओनिनसारखा पदार्थ शिरेतून देतात. तो अस्थिमज्जेतल्या मेगाकॅरिओसाइट पेशी उचलतात आणि पुढे त्यांच्यापासून सुटणाऱ्या प्लेटलेट जन्मतःच खूण घेऊन येतात. म्हणजे एकाच वयाची तुकडी रक्तात उतरते. कल्पना देखणी आहे. पण खूण केवळ प्लेटलेटपुरती राहत नाही, इतर प्रथिनांतही जाते, आणि सेलेनियम-७५ चे अर्धायुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्याने शरीराला किरणांचा भार फार काळ सोसावा लागतो. त्यामुळे हा प्रकार मागे पडला. दुसऱ्या प्रकारात रक्त काढून, प्लेटलेट वेगळ्या करून, शरीराबाहेर खूण करतात आणि त्या परत टोचतात. इथे आज जन्मलेली आणि उद्या जाणारी अशा सर्व वयांच्या प्लेटलेटवर एकदमच खूण होते. आलेखाचा अर्थ लावताना हा फरक विसरून चालत नाही.

बाहेर खूण करण्यासाठी १९५० च्या दशकात प्रथम फॉस्फरस-३२ असलेले डायआयसोप्रोपिल फ्लुओरोफॉस्फेट वापरले गेले. फॉस्फरस-३२ केवळ बीटा किरण सोडतो, त्यामुळे रक्ताचा नमुना मोजता येई, पण प्लेटलेट शरीरात कुठे गेली हे बाहेरून दिसत नसे. तांबड्या पेशींसाठी १९५० पासून वापरात आलेले क्रोमियम-५१ आस आणि गार्डनर यांनी १९५८ मध्ये प्लेटलेटसाठी वापरून दाखवले, आणि पुढची जवळजवळ वीस वर्षे तीच रूढ पद्धत होती. क्रोमियमचे अर्धायुष्य २७.७ दिवसांचे असल्याने दहा दिवसांच्या अभ्यासाला ते आरामात पुरते. मात्र त्याच्या दर शंभर विघटनांपैकी दहाच्या आसपास विघटनांतच मोजता येण्याजोगा गॅमा किरण निघतो, आणि प्लेटलेट ते उचलतातही थोडेसेच. परिणामी रक्ताची जवळजवळ पूर्ण पिशवी काढावी लागे. ज्याच्या प्लेटलेट आधीच वीस हजार आहेत त्याच्या रक्तातून पुरेशा प्लेटलेट मिळणे कठीण, म्हणून अशा रुग्णांसाठी दात्याच्या प्लेटलेट वापरल्या जात. या तडजोडीचा परिणाम काय झाला, ते पुढे सांगतो.

१९७६ मध्ये ठाकूर, वेल्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडियम-१११ ने खूण केलेल्या प्लेटलेटचे काम प्रसिद्ध केले आणि चित्र बदलले. इंडियमचे अर्धायुष्य २.८ दिवसांचे असून त्याचे १७१ आणि २४५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन्ही गॅमा किरण बहुतेक प्रत्येक विघटनात निघतात, त्यामुळे गॅमा कॅमेऱ्याला ते स्वच्छ दिसतात. इंडियम एकटे पेशीत शिरत नाही. त्याला ऑक्सिन नावाच्या, चरबीत विरघळणाऱ्या संयुगात गुंफावे लागते. हे संयुग प्लेटलेटच्या आवरणातून आपोआप आत झिरपते. आत गेल्यावर इंडियम ऑक्सिनला सोडून पेशीतल्या प्रथिनांना घट्ट चिकटते आणि ऑक्सिन बाहेर पडते. आता पन्नास मिलिलिटरच्या आसपास रक्त पुरू लागले आणि रुग्णाच्या स्वतःच्या प्लेटलेटवर खूण करणे शक्य झाले. एक मेख मात्र आहे. प्लाझ्मातले (रक्तद्रवातले) ट्रान्सफेरिन हे प्रथिन इंडियमवर टपूनच बसलेले असते, म्हणून ऑक्सिन वापरताना प्लाझ्मा काढून प्लेटलेट सलाइनमध्ये घ्याव्या लागतात, आणि प्लाझ्माबाहेर काढलेली प्लेटलेट रुसते. ऑक्सिनऐवजी ट्रोपोलोन हे संयुग वापरल्यास प्लाझ्मातच खूण करता येते. काही प्रयोगशाळा म्हणूनच त्याला पसंती देतात.

आता प्रत्यक्ष कृती जवळून पाहू, कारण मी वर म्हटलेले वागवणे इथेच येते. रक्त मोठ्या सुईने, एकाच टोचण्यात, अडखळत न येता काढायचे. शीर सापडेना म्हणून सुई आत फिरवली तर तो नमुना टाकून द्यावा, असे मी सहकाऱ्यांना सांगत आलो आहे, कारण ऊतींच्या स्पर्शाने प्लेटलेट जागी झालेली असते. रक्त एसीडी या गोठण रोखणाऱ्या द्रावणात घेतात. त्यातले सायट्रेट कॅल्शियम बांधून ठेवते. मग हलक्या वेगाने, गुरुत्वाच्या सुमारे दोनशे पटीने, दहा-पंधरा मिनिटे सेंट्रिफ्यूज फिरवले की तांबड्या पेशी खाली बसतात आणि वर प्लेटलेटने भरलेला, किंचित गढूळ पिवळा प्लाझ्मा राहतो. ही नळी खिडकीच्या उजेडासमोर धरून हळूच हलवावी. प्लेटलेट चकतीच्या आकारात, म्हणजे शांत असतील तर रेशमी कापडावरून हात फिरवल्यासारखी चमकती वळणे दिसतात. प्लेटलेट चिडून गोल झाल्या असतील तर ती चमक जाते आणि द्रव नुसताच धुरकट दिसतो. हजारो रुपयांच्या उपकरणाआधी डोळ्यांनी करायची ही परीक्षा आहे, आणि ती मी कधीही टाळत नाही.

यानंतर प्लाझ्मा थोडा आम्ल करून पीएच सुमारे ६.५ वर आणतात, म्हणजे पुढच्या वेगवान फेरीत प्लेटलेट तळाशी दाबल्या गेल्या तरी एकमेकींना चिकटत नाहीत. तळाशी जी गुंडी बसते ती पिपेटने ढवळायची नसते. थोडे द्रावण कडेने सोडून नळी तळहातांत हलकेच फिरवत राहिले की ती सुटते. घाई केली की कण राहतात, आणि असा कण शिरेतून गेला की फुप्फुसात अडकतो. इंडियम ऑक्सिन घालून नळी खोलीच्या तापमानाला काही मिनिटे ठेवतात, पुन्हा प्लाझ्मा घालून न चिकटलेले इंडियम धुऊन काढतात, आणि टोचण्याआधी किती टक्के खूण पेशींना चिकटली हे मोजतात. हे सारे निर्जंतुक कपाटात चालते, कारण जे बनते आहे ते माणसाच्या शिरेत जाणार आहे.

टोचल्यानंतरचा हिशेब सोपा आहे. समजा, टोचलेल्या एकूण प्लेटलेटची मोजणी मिनिटाला दहा लाख आहे, माणसाचे रक्त पाच हजार मिलिलिटर आहे, आणि तासाभराने घेतलेल्या एका मिलिलिटरमध्ये प्लेटलेटला चिकटलेली मोजणी १३० आली. म्हणजे रक्तात साडेसहा लाख, अर्थात ६५ टक्के खूण फिरते आहे. निरोगी माणसात हा आकडा साधारण इतकाच येतो. नवशिक्याला वाटते की उरलेल्या पस्तीस टक्के प्लेटलेट मेल्या. तसे नसते. शरीरातल्या सुमारे एकतृतीयांश प्लेटलेट कोणत्याही क्षणी प्लीहेत, म्हणजे पाणथरीत, थांबलेल्या असतात आणि रक्तातल्या प्लेटलेटशी त्यांची सतत अदलाबदल चालू असते. ऍस्टर यांनी १९६० च्या दशकात क्रोमियमच्या साहाय्याने हे सिद्ध केले. ज्यांची प्लीहा काढलेली आहे त्यांच्यात जवळजवळ सगळी खूण रक्तातच सापडते, प्लीहा फार वाढलेली असेल तर फारच थोडी सापडते, आणि ऍड्रिनलिन दिल्यावर प्लीहेतला साठा रक्तात उतरून मोजणी वर जाते. यकृताच्या सिरोसिसमध्ये प्लेटलेट कमी दिसतात त्यामागे या साठ्याचा मोठा हात असतो, हे आपल्याला या प्रयोगांमुळे कळले.

पुढचे आठ-दहा दिवस रोज नमुना घेतात. इंडियमचा स्वतःचा क्षय हिशेबातून वजा केल्यावर जो आलेख उरतो त्याच्या आकारात खरी माहिती असते. निरोगी माणसात तो जवळजवळ सरळ रेषेत उतरतो आणि नवव्या-दहाव्या दिवशी तळ गाठतो. पाठ्यपुस्तकातले आपले वाक्य इथून आले. रेषा सरळ का, हेही लक्षात घ्यावे. सर्व वयांच्या प्लेटलेटवर एकदम खूण झालेली आहे; प्रत्येक प्लेटलेट ठरलेल्या वयाला जात असेल तर रोज सारख्याच संख्येने जाणार. याउलट प्लेटलेट वयाकडे न पाहता, हाताला लागेल तशी नष्ट होत असेल, तर रोज उरलेल्यांपैकी ठराविक प्रमाण जाते आणि आलेख आधी झपाट्याने खाली येऊन मग रेंगाळणारा वक्र होतो. प्रतिपिंडांमुळे प्लेटलेट मरतात त्या आजारांत असाच वक्र दिसतो, आणि तीव्र आजारात तो काही तासांतच कोसळतो.

सरळ रेषेतही थोडा वक्र मिसळलेला असतो, कारण म्हातारपणाव्यतिरिक्त काही प्लेटलेट रोज रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या बारीकसारीक डागडुजीत खर्ची पडतात. हॅन्सन आणि स्लिक्टर यांनी १९८५ मध्ये दाखवले की हा ठराविक खर्च दिवसाला दर मायक्रोलिटरमागे सुमारे ७,१०० प्लेटलेटचा आहे, तर निरोगी माणसात रोजची एकूण उलाढाल सुमारे ४१,२०० आहे. प्लेटलेट भरपूर असताना हा खर्च जाणवतही नाही. अस्थिमज्जा जवळजवळ बंद पडलेल्या रुग्णात मात्र तो सगळ्या शिलकीवर येतो आणि प्लेटलेटचे सरासरी आयुष्यच कमी झालेले दिसते, जरी तिच्यात कोणताही दोष नसतो. कर्करोगाच्या रुग्णाला दिलेल्या प्लेटलेट दोनच दिवसांत कशा संपल्या, असे नातेवाईक विचारतात. त्याच्या अनेक कारणांपैकी एक कारण हे आहे.

आता दात्याच्या प्लेटलेटच्या तडजोडीकडे येतो. इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया, म्हणजे आयटीपी, या आजारात रुग्णाच्या रक्तातला काही घटक प्लेटलेटचा नाश करतो हे हॅरिंग्टन यांनी रुग्णाचे रक्त स्वतःला टोचून घेऊन दाखवले होते; काही तासांत त्यांच्या स्वतःच्या प्लेटलेट धोकादायक पातळीपर्यंत घसरल्या. १९५१ मध्ये ते काम प्रसिद्ध झाले. नंतर दात्याच्या, क्रोमियमची खूण असलेल्या प्लेटलेट या रुग्णांना टोचल्यावर त्या तासाभरातही नाहीशा होताना दिसल्या, आणि हा आजार केवळ नाशाचा आहे, मज्जा तर पटीने जास्त प्लेटलेट बनवते आहे, असे सर्वांनी धरून चालले. इंडियम आल्यावर रुग्णाच्या स्वतःच्या प्लेटलेट वापरता आल्या आणि त्या अपेक्षेपेक्षा जास्त काळ टिकताना आढळल्या. मग उलाढालीचा हिशेब मांडल्यावर कित्येक रुग्णांत उत्पादन वाढलेले नव्हते, उलट काहींत घटलेले होते. १९८७ मध्ये बॅलेम आणि सहकाऱ्यांनी हे स्पष्ट मांडले. उत्पादन वाढवणारी रोमिप्लोस्टिम आणि एल्ट्रॉम्बोपॅग ही औषधे अमेरिकेत २००८ मध्ये मंजूर झाली, त्यांचा या आजारात उपयोग का होतो ते या निष्कर्षाच्या उजेडात नीट समजते. कोणाच्या प्लेटलेटवर खूण केली, एवढ्या एका निवडीने संपूर्ण आजाराचे चित्र तीस वर्षे एका बाजूला झुकलेले राहिले.

याच आजारात गॅमा कॅमेऱ्याचाही उपयोग होतो. खूण केलेल्या प्लेटलेट शेवटी प्लीहेत साठतात, की यकृतात, की दोन्हीकडे, हे रोजच्या चित्रांवरून मोजता येते. प्लीहेत नाश होत असल्याचे स्पष्ट दिसले तर प्लीहा काढण्याच्या शस्त्रक्रियेचा लाभ होण्याची शक्यता जास्त असते. ब्रिटनमधील काही केंद्रांत ही चाचणी शस्त्रक्रियेआधी केली जाते. माझे मत विचाराल तर ती निर्णयाला मदत करते, निर्णय देत नाही. यकृताकडे झुकलेले चित्र असूनही शस्त्रक्रियेने बरे झालेले रुग्ण असतात.

आपण रक्तपेढीत काम करता म्हणून साठवणुकीचा दाखला मुद्दाम देतो. प्लेटलेट पूर्वी इतर रक्तघटकांप्रमाणे शीतपेटीत चार अंशांवर ठेवत. १९६९ मध्ये मर्फी आणि गार्डनर (वर क्रोमियमच्या संदर्भात आलेले गार्डनर तेच) यांनी चार अंशांवर आणि बावीस अंशांवर ठेवलेल्या प्लेटलेटवर क्रोमियमची खूण केली. थंडीत ठेवलेल्या प्लेटलेट शरीरात गेल्यावर भराभर नाहीशा झाल्या, खोलीच्या तापमानाच्या मात्र दिवसेंदिवस टिकल्या. आपल्या पेढीत वीस ते चोवीस अंशांवर अहोरात्र हलणारा जो ऍजिटेटर आहे, तो या प्रयोगाचा वंशज आहे. आजही नवी पिशवी किंवा नवे साठवण-द्रावण आणायचे असेल तर निरोगी स्वयंसेवकाच्या साठवलेल्या प्लेटलेटवर एक समस्थानिक आणि त्याच्याच ताज्या प्लेटलेटवर दुसरे समस्थानिक लावून दोन्ही एकाच वेळी टोचतात. क्रोमियमचा ३२० आणि इंडियमचे १७१ व २४५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण काउंटरला वेगळे ओळखता येतात. ताज्या प्लेटलेटशी अशी तुलना करण्याचे मर्फी यांनी २००४ मध्ये सुचवले, आणि अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या (एफडीए) निकषानुसार साठवलेल्या प्लेटलेटची पुनर्प्राप्ती (टोचल्यावर रक्तात सापडणारे प्रमाण) ताज्यांच्या किमान ६६ टक्के आणि आयुष्य किमान ५८ टक्के असावे लागते. टक्के शंभराचे नसून त्याच माणसाच्या ताज्या प्लेटलेटचे आहेत, ही यातली मोठी शहाणपणाची गोष्ट आहे. प्रयोगशाळेच्या हातून जी इजा व्हायची ती दोन्ही नमुन्यांना सारखीच होते आणि तुलना बिघडत नाही.

थंडीचा धडा मी स्वतःही महागात शिकलो. एका सकाळी आधीच्या सहकाऱ्याने सेंट्रिफ्यूजचे तापमान चारवर ठेवले होते आणि मी ते न पाहता नळ्या लावल्या. उजेडासमोर धरल्यावर चमक फिकी वाटली, पण वेळेची घाई होती म्हणून मी मनाची समजूत घातली. टोचल्यावर पुनर्प्राप्ती अपेक्षेच्या जेमतेम निम्मी आली आणि यकृत पहिल्याच चित्रात ठळक दिसले. स्वयंसेवक तंदुरुस्त होता. आजारी होती ती माझी नळी. तो अभ्यास आम्ही रद्द केला. तेव्हापासून पहिल्या तासातच यकृत उजळले की मी रुग्णाच्या आजाराचा विचार करण्याआधी सेंट्रिफ्यूजच्या नोंदवहीकडे जातो.

आणखी दोन चोरवाटा सांगतो. नमुन्यात तांबड्या पेशी मिसळलेल्या असतील तर खूण त्यांनाही चिकटते, आणि त्या चार महिने फिरत राहिल्याने आलेख तळाला पोचतच नाही. म्हणून सर्व प्लेटलेट संपल्यानंतरच्या दिवशी एक नमुना घेऊन उरलेली मोजणी वजा करतात. दुसरे असे की क्रोमियम पेशीतून थोडेथोडे गळते, आणि ती गळती आयुष्य घटल्यासारखी दिसते.

सुरक्षिततेविषयी आपण थेट विचारले नसले तरी स्वयंसेवक नेहमी विचारतात. मात्रा काही मेगाबेकरेलचीच (किरणोत्साराचे एकक) असते, पण ती सगळीकडे सारखी पसरत नाही. प्लीहेवर सर्वाधिक भार येतो. गर्भवती स्त्रियांवर हा अभ्यास करत नाहीत. प्लेटलेटमध्ये केंद्रकच नसल्याने तिच्या गुणसूत्रांना इजा होण्याचा प्रश्न येत नाही. मात्र चुकून मिसळलेल्या लिम्फोसाइट या केंद्रक असलेल्या पांढऱ्या पेशींबाबत तो येतो, म्हणून त्या कमीत कमी ठेवाव्या लागतात. किरणांचा प्रश्नच नको म्हणून प्लेटलेटला बायोटिनची खूण करण्याची पद्धतही पुढे आली आहे. तिच्यात शरीर बायोटिनविरुद्ध प्रतिपिंडे तयार करण्याची शक्यता असते आणि प्लेटलेट गेली कुठे याचे चित्र मिळत नाही.

राहता राहिला डेंग्यू. त्यात हा अभ्यास झालेला आहे. १९७७ मध्ये थायलंडमधील संशोधकांनी डेंग्यू रक्तस्रावी तापाच्या रुग्णांत प्लेटलेटचे आयुष्य फार घटल्याचे दाखवले. पण रोजच्या उपचारात ती चाचणी अर्थहीन ठरते. निकाल हाती यायला काही दिवस लागतात आणि तेवढ्यात बहुतेक रुग्णांच्या प्लेटलेट आपोआप वर येऊ लागलेल्या असतात. शिवाय स्कॅनसाठी नेहमी वापरले जाणारे टेक्निशियम जसे रोज सकाळी जनरेटरमधून काढता येते तसे इंडियम काढता येत नाही, ते सायक्लोट्रॉनमध्ये बनते. आणि आपल्याकडे असे कोणतेही काम अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीशिवाय करता येत नाही. डेंग्यूतल्या रक्तस्राव नसलेल्या रुग्णाला केवळ आकडा वाढवण्यासाठी दिलेली प्लेटलेटची पिशवी सहसा वाया का जाते, हे मात्र आयुष्य घटल्याच्या त्या जुन्या निष्कर्षावरून नातेवाइकांना सांगता येते. पपईच्या पानांच्या रसाने प्लेटलेट जास्त काळ जगतात का, असेही मला साथीत विचारले जाते; त्याचे उत्तर रोजच्या प्लेटलेट काउंटवरून मिळणार नाही, कारण बरा होऊ लागलेल्या रुग्णाचा आकडा रस घेतला नाही तरी वाढतोच.

हे काम शिकायचे असेल तर खुणेला हात लावण्याआधी महिनाभर नुसत्या प्लेटलेट वेगळ्या करा आणि रोज नळी उजेडासमोर धरा. सलग वीस नळ्यांत ती चमक टिकली, म्हणजे इंडियमची बाटली उघडायला हरकत नाही.